हरण्याचा हुकूम

१९८७ साली दिल्लीत टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा झाली. बायकांच्या एकेरीत उपान्त्य सामन्याला चीनच्याच दोघी समोरासमोर आल्या. हे झीली आणि ग्वान ज्यानह्वा. झीलीला तिच्याच प्रशिक्षकांनी सांगितलं, तू हर. का? तर पुढं कोरियाच्या यांग यंग-जाशी गाठ पडली तर ग्वान जास्त टिकेल, असा त्यांचा हिशेब. सोनं देशात आलं म्हंजे झालं. कुणाच्या हातानं आलं, ह्याला किंमत नाही.

झीली हरली नाही. तिनं ग्वानला हरवलं आणि अंतिम सामन्यात यांगलाही हरवलं. हिशेबच खोटा ठरला, पण शिक्षा झाली हिलाच. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकला ही जगज्जेती बाई संघाबाहेर.

तिनं केलं ते बरोबर की चूक?

दोस्तहो, चटकन 'बरोबर' म्हणू नका. दुसरी बाजू हलकी नाही. ज्या देशात एके काळी पोरींची पावलं मोडून बांधून ठेवायचे, चालणंसुद्धा वेदना करून टाकायचे, त्याच देशात पुढं सरकारनं पोरींच्या हातात बॅट दिली. क्रीडाशाळा दिल्या, जेवण दिलं, प्रशिक्षक दिले. हे आभाळातनं पडलं नव्हतं, कष्टकऱ्यांच्या घामातनं आलं होतं. मग एक सामना सोडला असता तर काय बिघडलं असतं? शिस्त नको का? शिवाय टीकाकार सांगतात, त्याच स्पर्धेत आधी एका सोबतिणीनं झीलीसाठी सामना सोडला होता. घेताना गोड लागलं आणि द्यायची पाळी आली तेव्हा तत्त्व आठवलं? हा आरोप मी झटकून टाकत नाही. झीली काही संत नव्हती.

तरी मी म्हणतो, मुळात हुकूमच चूक होता.

ऋण घामानं फिटतं, सोंगानं नाही. ज्यानं खाऊ घातलं तो म्हणू शकतो, जीव तोडून खेळ. पण खेळू नको आणि खेळल्याचं नाटक कर, हे सांगायचा हक्क त्याला कुणी दिला? संपातली शिस्त वेगळी. तिथं सगळ्यांनी बसून ठरवलेलं असतं, आणि ते उघड असतं. इथं ठरवलं वरच्या चार डोक्यांनी, दाराआड. जिला हरायचं तिला मत नाही. आणि ग्वानचं काय? तिच्या पदरात पडणार होतं दान. दानाच्या विजयानं माणूस मोठा होत नाही, मिंधा होतो. म्हंजे एका हुकुमानं दोघींचं माणूसपण खाल्लं असतं.

पंचवीस वर्षांनी, २०१२ ला, लंडन ऑलिम्पिकात तोच हिशेब. बॅडमिंटनमध्ये चीनच्या यू यांग आणि वांग शाओली ह्या मुद्दाम फूल जाळ्यात मारू लागल्या. आपल्याच देशाची दुसरी जोडी मधल्या फेरीत आडवी येऊ नये म्हणून. समोरच्या कोरियाच्या पोरीही तेच करत होत्या. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. कोरियाच्या दोन, इंडोनेशियाची एक आणि चीनची एक, अशा चार जोड्या स्पर्धेतनं काढल्या. रोग एकट्या चीनचा नाही. जिथं पदक माणसापेक्षा मोठं, तिथं तो आहेच.

झीलीनं पुढं जपानी माणसाशी लग्न केलं. कोयामा चिरे ह्या नावानं ती जपानकडनं खेळली. १९९४ ला हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेत तिनं चीनच्याच डेंग यापिंगला अंतिम सामन्यात हरवलं. चीनमध्ये तिला गद्दार म्हटलं गेलं.

मला विचाराल तर गद्दारी दिल्लीतच होणार होती, आणि तिनं ती होऊ दिली नाही.

दुश्मनाचा हुकूम मोडणं सोपं असतं. आपल्याच माणसानं, आपल्याच भल्याचं नाव घेऊन कानात सांगितलं, 'जरा हर', तर? तेव्हा आपली बॅट कुठं वळेल, हे आजच विचारून ठेवा.