घोड्याचं साल, बेडकाचा पाऊस

चिनी पंचांगाप्रमाणे १७ फेब्रुवारी २०२६ रोजी घोड्याचं वर्ष लागतं, आणि त्यातही हा अग्नितत्त्वाचा घोडा. बारा प्राणी आणि पाच तत्त्वं मिळून साठ वर्षांचं चक्र होतं, म्हणजे असा घोडा याआधी १९६६ साली येऊन गेला. जपानने हे चक्र चीनकडूनच घेतलं. अग्नि-अश्वाच्या वर्षी जन्मलेली मुलगी तापट निघते आणि नवऱ्याच्या मुळावर येते, अशी समजूत तिथे रुजलेली होती. १९६५ मध्ये जपानात साधारण १८ लाख बाळं जन्मली, १९६६ मध्ये १३ लाख ६० हजारांच्या आसपास, आणि १९६७ मध्ये आकडा पुन्हा १९ लाखांवर गेला. ऑलिम्पिक भरवलेल्या आणि बुलेट ट्रेन धावू लागलेल्या देशातली ही गोष्ट. एका प्राण्याच्या धाकाने लाखो जोडप्यांनी पाळणा वर्षभर लांबवला.

आपल्याकडे ही भीती नक्षत्रांच्या वाटेने येते. मूळ नक्षत्रावरची मुलगी सासऱ्याला वाईट, आश्लेषेची सासूला, ज्येष्ठेची थोरल्या दिराला, विशाखेची धाकट्या दिराला. शिकल्यासवरल्या घरांतूनही याच कारणाने मुलींच्या पत्रिका परत जातात, आणि त्या मुलीला ‘योग नव्हता’ एवढंच सांगितलं जातं. मला याचा मनापासून राग येतो.

तरीही प्राण्यांच्या राशी माणसाला इतक्या का आवडतात, हे समजून घ्यायला हवं. उंदीर चलाख, बैल कष्टाळू, वाघ धाडसी, ससा हळवा, कुत्रा इमानी असं म्हटलं की स्वभाव डोळ्यांपुढे उभा राहतो. आपण रोज असंच बोलतो. कुणी गरीब गाय असते, कुणी डूख धरणारा साप, कुणी पाताळयंत्री कोल्हा. पण हे स्वभाव मुलूख बदलला की बदलतात. चीनमध्ये डुकराच्या वर्षी जन्मलेला माणूस उदार आणि सुखवस्तू समजतात, आपल्याकडे डुक्कर ही शिवी आहे. तिथला साप खोल विचार करणारा, आपला नागपंचमीला पूजा घेऊन उरलेलं वर्ष काठी खाणारा. व्हिएतनाममध्ये तर सशाच्या जागी मांजर आणि बैलाच्या जागी म्हैस आली. भातखाचरांच्या देशाने स्वतःला रोज दिसणारं जनावर निवडलं. रास पाहायची तर आधी ती मांडणाऱ्यांचं गाव पाहावं.

आपल्या पंचांगातही प्राणी आहेत. गुणमेलनातल्या ३६ पैकी ४ गुण योनीचे, म्हणजे जन्मनक्षत्राच्या प्राण्याचे, असतात. सत्तावीस नक्षत्रं चौदा प्राण्यांत वाटलेली आहेत: अश्विनी आणि शततारका घोडा, भरणी आणि रेवती हत्ती, रोहिणी आणि मृग साप, चित्रा आणि विशाखा वाघ. उत्तराषाढा मुंगुसाची. वधूवरांच्या योनी परस्परांच्या वैरी निघाल्या की गुण शून्य. चिनी चक्रातही न पटणाऱ्या जोड्या आहेत, पण त्या वर्तुळातल्या समोरासमोरच्या जागांवरून ठरतात. उंदीर आणि घोडा, ससा आणि कोंबडा, साप आणि डुक्कर, सगळे एकमेकांपासून सहा वर्षांवर. ससा आणि कोंबडा एकमेकांच्या वाटेला जातात असं कुणी पाहिलेलं नाही. आपल्या वैरी जोड्या मात्र बहुतेक बांधावर आणि रानात पाहिलेल्या आहेत: साप आणि मुंगूस, मांजर आणि उंदीर, गाय आणि वाघ, कुत्रा आणि हरीण. यादी करणाऱ्यांनी प्राणी खरोखर पाहिले होते, आणि हे मी कौतुकाने म्हणतो. त्यांचं पाहणं प्राण्यांपुरतं खरं होतं. रोहिणीवर जन्मलेली मुलगी आणि उत्तराषाढेवर जन्मलेला मुलगा एकमेकांचे वैरी ठरले, तिथे ते पाहणं संपलं आणि नुसता शिक्का उरला.

याच पंचांगात प्राण्यांचा एक वेगळा उपयोगही आहे, आणि तो मला फार आवडतो. पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन असतं. सूर्य नक्षत्र बदलतो त्या वेळी त्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नवाने भागायचं आणि बाकीवरून वाहन ठरवायचं. घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती अशी ही नऊ वाहनं. बेडूक, म्हैस आणि हत्ती आले तर पाऊस भरपूर, कोल्हा किंवा मेंढा आला तर ओढ, घोडा आला तर डोंगरात. बाकी काढणं हे गणितच, त्याने ढग हलत नाहीत. पण भरपूर पावसाला पाण्यात रमणारी जनावरं जोडणारा माणूस आपल्या मातीतला होता. पनवेल तालुक्यात ‘यंदा मृगाला वाहन काय?’ हा प्रश्न अजून कानावर येतो. उत्तर चुकलं तरी कुणाचं लग्न मोडत नाही. शेतकरी आभाळाकडे बघतो आणि राब भाजलेल्या जागेत भाताचं बी टाकतो.

मृगाच्या सरी पडल्या की मी कर्नाळ्याला जातो. पनवेलपासून बारा किलोमीटरवर, मुंबई-गोवा महामार्गाच्या दोन्ही अंगांना पसरलेलं हे पक्षी अभयारण्य १९६८ मध्ये जाहीर झालं आणि २००३ मध्ये वाढून १२ चौरस किलोमीटरांवर गेलं. वर कर्नाळ्याचा सुळका, त्याच्या कड्याला आग्या माश्यांची पोळी. खाली ओहोळांच्या काठची माती मऊ झाली की तिबोटी खंड्या बिळं खणायला लागतो. चिमणीपेक्षा लहानच म्हणावा एवढा पक्षी, नारिंगी, जांभळा आणि निळा. नर आणि मादी आळीपाळीने चोचीने माती उकरतात आणि इवल्या पायांनी मागे ढकलतात. खंड्या म्हटलं की आपल्याला मासा आठवतो. हा मात्र पिल्लांसाठी सापसुरळी आणतो, खेकडा आणतो, छोटा बेडूक आणतो. सापसुरळी चोचीत धरून फांदीवर आपटतो, पुन्हा आपटतो, ती मऊ झाली की बिळाच्या तोंडाशी झेपावतो. ‘मासेखाऊ’ हे बिरुद लावून आलेल्या माणसाला यातलं काही दिसत नाही, कारण तो नजर पाण्यावर लावून बसलेला असतो.

याच रस्त्यावर माकडंही भेटतात. लोक त्यांना चोरटी म्हणतात, कारण ती पिशव्या ओढतात. आत जंगलात तीच माकडं फळं आणि कोवळा पाला शोधत हिंडतात आणि माणूस दिसला की मागे सरतात. रस्त्याकडेच्या टोळीला वेफर्स आणि केळी देऊन आपणच ओढाओढ शिकवली. त्या टोळीतही सगळी सारखी नाहीत. एखादी म्हातारी मादी शेवटपर्यंत झाडावरून खाली येत नाही, एखादा वयात येणारा नर गाडीच्या टपावर बसतो. जन्मवेळ बघून यांतलं कोण कसं निघेल हे सांगता येणार नाही. आई कशी मिळाली, रस्ता किती जवळ होता, कुणी काय खायला घातलं, यावरून बरंच सांगता येईल. १९६६ च्या जपानी मुलींबद्दल आणि आपल्या मूळ नक्षत्राच्या मुलींबद्दल माझं म्हणणं हेच आहे.

शिक्क्याची किंमत प्राणीही मोजतात. मांडूळ हा मातीत राहणारा निरुपद्रवी, बिनविषारी साप. त्याचं शेपूट तोंडासारखं बोथट असतं, म्हणून दुतोंड्या, म्हणून धन दाखवणारा, म्हणून लाखोंच्या बोलीवर तस्करी. पाकिटं ओढायला बसवलेला ज्योतिषाचा पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे, त्याला पिंजऱ्यात ठेवणंच गुन्हा. घुबडाला आपण लक्ष्मीचं वाहन म्हणतो आणि घराच्या छपरावर बसलं तर अशुभही म्हणतो. दिवाळीच्या अमावास्येला तोडग्यांसाठी देशभर घुबडांची चोरटी विक्री होते. शेतातले उंदीर संपवणारा एवढा कामाचा पक्षी दुसरा नाही, आणि भाताची कापणी होते त्याच दिवसांत तो पोत्यात भरला जातो. असा सौदा कुठे दिसला, तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. फोन करा, ठिकाण सांगा, पक्षी किती ते सांगा.