संक्रांतीचा पुण्यकाल आणि दानाची शुद्धी

सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत प्रवेश करतो, त्या क्षणास संक्रांती ही संज्ञा आहे. वर्षात अशा 12 संक्रांती येतात. कर्क व मकर ह्या अयनसंक्रांती होत. मेष व तूळ ह्या विषुवसंक्रांती. उरलेल्या आठांपैकी चार षडशीतिमुखा व चार विष्णुपदी म्हणविल्या जातात. स्नान-दान सर्वांनाच विहित आहे; तथापि मकरसंक्रांतीचा उत्सव जसा घरोघर होतो, तसा इतर संक्रांतींचा सहसा होत नाही.

बंगळूरच्या दक्षिणेस तामिळनाडूच्या सीमेलगत आनेकल हे तालुक्याचे ठिकाण आहे. नाचणी व पावट्याच्या पिकांचा आणि रेशमी विणकामाचा हा मुलूख. येथील घरांत ह्या दिवशी पांढरे तीळ, गुळाचे व सुक्या खोबऱ्याचे बारीक तुकडे, भाजलेले शेंगदाणे आणि डाळे एकत्र करतात. ह्यास कानडीत ‘एळ्ळु-बेल्ल’ म्हणतात. त्याबरोबर साखरेची चित्रे व उसाचे कांडे तबकात घालून स्त्रिया व मुली शेजारच्या घरी नेतात आणि त्या घरचे तबक आपल्या घरी येते. तीळगूळ खा आणि चांगले बोला, हेच सांगणे महाराष्ट्राप्रमाणे तेथेही आहे. सायंकाळी गुरे शृंगारून त्यांना पेटलेल्या गवतावरून पलीकडे नेतात. सीमेपलीकडे होसूरकडे त्याच सुमारास नव्या तांदळाचे पोंगल सूर्यास अर्पण होते.

ह्या उत्सवाविषयी एक शंका वारंवार निघते. सूर्य उत्तरेकडे वळू लागतो तो 21 अथवा 22 डिसेंबरला. आपण तर संक्रांत 14 किंवा 15 जानेवारीस करतो. संपातबिंदू सुमारे 72 वर्षांत एक अंश मागे सरतो, आणि स्थिर नक्षत्रांवरून मोजलेल्या राशी व संपातावरून मोजलेल्या राशी ह्यांतील अंतर आज सुमारे 24 अंश झाले आहे. डॉ. मेघनाद साहा ह्यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने 1955 मध्ये आपला अहवाल दिला, आणि 22 मार्च 1957 पासून वसंतसंपातावर आधारलेले राष्ट्रीय पंचांग सुरू झाले. संक्रांत मात्र घरोघर जानेवारीतच राहिली. मग उत्तरायणाच्या नावाने दिलेले तीळ अकाली दिले गेले, असे समजावे काय? तसे असेल, तर पिढ्यान् पिढ्यांची श्रद्धा व्यर्थ गेली, असे म्हणण्याची पाळी येईल.

शास्त्रकारांनी ह्या शंकेचा मार्ग आधीच मोकळा करून ठेवला आहे. संक्रमणाचा क्षण इतका सूक्ष्म असतो की तो चर्मचक्षूंना कळत नाही, हे निबंधकारांनी देवलाच्या वचनाधारे स्पष्ट मान्य केले. म्हणूनच क्षणाऐवजी त्याच्या जवळच्या घटिका पुण्यकाल म्हणून ठरविल्या. मकरसंक्रांतीस पुढील 40 घटिका, म्हणजे 16 तास, सांगितले आहेत. जो क्षण मनुष्याच्या हाती येत नाही, तो साधण्याचा भार शास्त्राने गृहस्थावर टाकलेला नाही.

गीतेच्या आठव्या अध्यायात उत्तरायण व दक्षिणायन ह्या दोन गतींचे वर्णन आहे. पण लगेच भगवान अर्जुनास सर्व काळी योगयुक्त होण्यास सांगतात. ब्रह्मसूत्रभाष्यात श्रीशंकराचार्यांनी दक्षिणायनात देह ठेवणाऱ्या ज्ञात्यासही ज्ञानाचे फळ मिळते, असे प्रतिपादिले. भीष्मांचे उत्तरायणासाठी थांबणे हे आचाराच्या पालनासाठी व पित्याकडून मिळालेला इच्छामरणाचा वर प्रकट करण्यासाठी होते, असा त्याचा उलगडाही केला.

ह्यावरून काळ निरर्थक आहे, असे कोणी समजू नये. सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाच्या लक्षणांत देश, काल आणि पात्र ही तिन्ही सांगितली आहेत. ‘कोणत्याही दिवशी देऊ’ म्हणणाऱ्याचा देण्याचा दिवस बहुधा उगवतच नाही. नेमलेला दिवस मनुष्याच्या आळसाला बांध घालतो, आणि अवघा गाव एकाच वेळी हात मोकळा करतो. हे कार्य 14 जानेवारीही उत्तम रीतीने करते.

परंतु त्याच श्लोकात आणखी एक अट आहे, आणि तिच्याकडे आपले लक्ष क्वचित जाते: ज्याच्याकडून परत काही उपकार होणार नाही, त्याला द्यावे. परतफेडीच्या हेतूने दिलेले दान गीतेने राजस ठरविले आहे. तबकामागे तबक येते, तो स्नेहाचा व्यवहार आहे. तो गोड आहे, आणि त्याने शेजारधर्म टिकतो. पण त्याला दान म्हणता येणार नाही. ज्या दारातून तबक परत येण्याचा संभव नाही, तेथे आपण जातो काय? जुन्या रूढीने विधवेच्या दारावरून तबक पुढे जात असे, आणि कित्येक ठिकाणी अजूनही जाते. आनेकल तालुक्यात अत्तिबेले, जिगणी, बोम्मसंद्र येथे कारखाने उभे राहिले, आणि परप्रांतांतून आलेले मजूर भाड्याच्या खोल्यांत राहू लागले. सणाच्या दिवशी अशा खोलीच्या दाराशी कोण थांबतो?

पंचांगातील 24 दिवसांचे अंतर गणिती जाणतात, आणि गणिताने ते सुधारताही येईल. वगळलेल्या दाराची नोंद कोणत्याही पंचांगात नसते. ती दात्याने स्वतःच ठेवावयाची असते. म्हणून सद्गृहस्थांनी परंपरेने आलेल्या दिवशीच संक्रांत करावी, स्नेह्यांची तबके आनंदाने घ्यावी व द्यावी. आणि पुण्यकाल संपण्यापूर्वी निदान एक मूठ तीळगूळ अशा घरी पोहोचवावा, जेथून परत काहीही येणार नाही. त्या मुठीसाठी सूर्य सायन राशीत आहे की निरयन राशीत, हा प्रश्न उरत नाही.