तासिकांपलीकडचे काम

जून उजाडला की महाराष्ट्रातल्या वरिष्ठ महाविद्यालयांत वर्कलोडचे तक्ते भरायला घेतात. विषय, वर्ग, तुकड्या, प्रात्यक्षिकांच्या बॅचेस, आठवड्याच्या तासिका. या सगळ्याची बेरीज होते आणि विभागात किती पदे ‘बसतात’ ते ठरते. पुढे उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाकडून तपासणी होते. आकडे जुळले की वर्षाचा प्रश्न मिटला असे सगळे धरून चालतात. पण हा तक्ता पदे मंजूर करून घेण्यासाठी किंवा वाचवण्यासाठी असतो. कामाची वाटणी नीट व्हावी म्हणून तो कधी केलाच गेला नाही. म्हणून पद ठरवायला जे उपयोगी नाही ते त्यात येत नाही, आणि तक्त्यात न आलेले काम ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या गळ्यात पडते.

विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ची नियमावली सांगते की पूर्णवेळ शिक्षकाने आठवड्याला किमान ४० तास काम करावे, वर्षाचे ३० आठवडे. त्यांपैकी प्रत्यक्ष अध्यापन सहायक प्राध्यापकाला १६ तास, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकाला १४ तास. आपले सारे भांडण या १६ आणि १४ भोवती फिरते. २०१६च्या मे महिन्यात आयोगाने हे तास वाढवले, तेव्हा दिल्लीतले शिक्षक रस्त्यावर उतरले, उत्तरपत्रिका तपासणीवर बहिष्कार पडला आणि आयोगाला माघार घ्यावी लागली. ती लढाई योग्यच होती. मात्र उरलेल्या २४-२६ तासांत कोण काय करतो, हे तेव्हाही कुणी विचारले नाही आणि आजही विचारत नाही.

त्या तासांतले एकच काम जवळून पाहू. एखाद्या सहायक प्राध्यापकाकडे ८० विद्यार्थ्यांचे तीन वर्ग आहेत. प्रत्येकाकडून एक लेखी असाइनमेंट घ्यायची आणि ती मन लावून वाचायची, चूक कुठे झाली ते समासात लिहायचे, तर एका वहीला दहा मिनिटे लागतातच. २४० वह्यांचे झाले बरोबर ४० तास, म्हणजे नियमावलीतला अख्खा आठवडा. त्यात तास घेणे नाही, तयारी नाही, नॅकची फाइल नाही. मग वही न वाचताच गुण पडतात. मी या शिक्षकाला कामचुकार म्हणणार नाही. जे काम कोणत्याच हिशेबात नाही ते अशाच रीतीने उरकले जाते, आणि नुकसान होते ते समासातल्या त्या दोन ओळींची ज्याला गरज होती त्या पोराचे. मुंबई विद्यापीठात २०१७ साली ऑनस्क्रीन तपासणीचा घोळ झाला, निकाल महिनोन्महिने रखडले, कुलगुरूंना पद सोडावे लागले. चर्चा झाली ती मुख्यतः संगणकीय यंत्रणेची. तपासणीसाठी शिक्षकाच्या दिवसात वेळ कुठून काढायचा, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

विभागाच्या बैठकीतली वाटणी मी अनेकदा पाहिली आहे. तृतीय वर्षाचे आवडीचे पेपर ज्येष्ठांकडे जातात. प्रथम वर्षाचे भरलेले वर्ग आणि सकाळची पहिली तासिका नव्यांकडे. मग समित्या. ‘मॅडम, तुम्ही छान करता, तुम्हीच बघा,’ असे म्हणत अहवाललेखन, पाहुण्यांचे स्वागत, रडत आलेल्या विद्यार्थिनीची समजूत हे सगळे बाईंकडे सरकते. पदोन्नतीच्या योजनेसाठी (कॅस) गुण मोजताना शोधनिबंधाला जे वजन मिळते ते या कामाला मिळत नाही. अमेरिकी विद्यापीठांत ग्वारिनो आणि बॉर्डन यांनी २०१७ साली केलेल्या अभ्यासात हेच दिसले: संस्थेच्या आतली अशी सेवेची कामे स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त करतात.

तासिका तत्त्वावरच्या (सीएचबी) शिक्षकाची गोष्ट याहून कठोर आहे. पदवीच्या वर्गाला राज्य सरकारने २०२३ मध्ये तासिकेला ९०० रुपये ठरवले आणि आठवड्याला नऊ तासिकांची मर्यादा आहे. म्हणजे तास झाले त्या आठवड्याचे ८,१०० रुपये. सुट्टीत काही नाही, आणि झालेल्या तासांचे पैसेही अनेकदा काही महिन्यांनी हातात पडतात. पण पेपर काढणे, तपासणे, सुपरव्हिजन, प्रवेशाच्या काळात टेबलावर बसणे त्याला चुकत नाही. पुढच्या जूनमध्ये पुन्हा बोलावतील की नाही याची धास्ती असलेला माणूस नकार कसा देणार?

नव्या शैक्षणिक धोरणाने गुंता वाढवला. संलग्न महाविद्यालयांत ते २०२४-२५ पासून आले. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, भारतीय ज्ञानप्रणाली, ऑन जॉब ट्रेनिंग. विद्यार्थ्यांनी निवडलेच नाही तर भाषा किंवा इतिहासाचा वर्कलोड घटतो, आणि सोळा तास भरून काढायला शिक्षक स्वतः कधी न शिकलेला विषय उचलतो. ऑन जॉब ट्रेनिंगसाठी कंपन्यांचे उंबरे झिजवण्याचे तास कुठे लिहायचे, ते त्याला कोणी सांगत नाही.

सगळे काम मोजणे हा एक उपाय. ब्रिटनमध्ये बरीच विद्यापीठे तपासणीपासून मार्गदर्शनापर्यंत सगळे तासांत मोजतात. तरीही २०१९-२० च्या तिथल्या संपांत कामाचा बोजा ही एक मुख्य तक्रार होती. एका निबंधाला ठरवलेला वेळ खऱ्या वेळेपेक्षा कमी धरला की मोजणीच अन्यायाचे हत्यार होते. मला जास्त आशा वाटते ती अमेरिकेत केरीॲन ओमीरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही विभागांत करून पाहिलेल्या प्रयोगातून: कोण किती शिकवतो, किती समित्यांवर आहे, किती विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करतो, हे सर्वांना दिसेल असे मांडायचे आणि त्यावर विभागानेच बोलायचे.

आपल्याकडे हे करायला शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही. विभागाच्या भिंतीवर टाइमटेबलशेजारी एक कागद पुरेल. सीएचबीच्या शिक्षकांसह प्रत्येकाचे नाव, तासिका, तपासायच्या वह्या, समित्या, एनएसएस, निवडणुकीची ड्यूटी, सगळे त्यावर. समित्या दर दोन वर्षांनी फिरवायच्या. प्रथम वर्षाचा एक तरी वर्ग विभागप्रमुखानेही घ्यायचा. भांडणे होतील, ही प्राचार्यांची भीती खरी आहे. पण ती आजही होतात, स्टाफरूमच्या कोपऱ्यात आणि चुकीच्या माणसाविरुद्ध. पुढच्या जूनमध्ये सहसंचालकांकडे तक्ता पाठवताना हा कागदही सोबत जोडावा. पद मंजूर करणाऱ्यालाही तो वाचू द्या.