ओझे कोणी वाहावे?

आमच्या घरी एक वृद्ध आत्या होत्या. संध्याकाळची रोझरी संपवून आम्ही उठतो न उठतो तोच त्या विचारीत, "रोझरी झाली का रे?" झाली म्हटले की क्षणभर समाधान, आणि पाच मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न. स्मृतिभ्रंश हा मेंदूचा आजार आहे, हे आम्हांस ठाऊक होते. परंतु तोच प्रश्न सातव्या वेळी कानी पडला की हे ज्ञान फारसे उपयोगी पडत नाही. एके रात्री आम्ही त्यांच्यावर ओरडलो. का ओरडलो हे त्यांना उमगले नसावे. ओरडल्याची भीती मात्र आत कुठेतरी राहिली असावी, कारण पुढे दोन दिवस त्या आमच्याकडे न पाहता भिंतीलाच प्रश्न विचारीत.

पवित्र कुटुंबाच्या सणाला बेन सिराच्या पुस्तकातून जे वाचन होते, ते आपण सर्वांनी ऐकलेले आहे. इसवी सनापूर्वी सुमारे 180च्या सुमारास लिहिलेल्या या ग्रंथात मुलाला सांगितले आहे की, वडिलांची बुद्धी क्षीण झाली तरी त्यांना सांभाळून घे, आणि तू धडधाकट आहेस म्हणून त्यांना तुच्छ लेखू नकोस. (आपल्या प्रॉटेस्टंट बांधवांच्या बायबलमध्ये हे पुस्तक सहसा नसते, आपल्याकडे आहे, हे आपले भाग्यच.) ग्रंथकाराचे बोट कुठे आहे पाहा. वडिलांच्या दुर्बलतेपेक्षा मुलाच्या ताकदीची त्याला अधिक धास्ती वाटते. आपण ज्याला 'सहनशक्ती संपली' असे म्हणतो, त्यात पुष्कळदा आपल्या धडधाकटपणाचा ताठाच असतो.

तथापि सोसणे म्हणजे सर्वांपुढे सारखेच गप्प बसणे नव्हे. संत पौलाने थेस्सलनीकाकरांस लिहिलेले पहिले पत्र हे त्याच्या उपलब्ध पत्रांपैकी बहुधा सर्वांत जुने, सुमारे इ. स. 51चे. त्याच्या पाचव्या अध्यायात तो माणसांची निवड करतो. बेशिस्तांना समज द्यावी, खचलेल्यांना धीर द्यावा, दुर्बळांना आधार द्यावा. आणि धीराने मात्र सर्वांशीच वागावे. दारू पिऊन घरात हात उगारणारा माणूस आणि अंथरुण ओले करणारी म्हातारी यांना एकाच तागडीत घालून दोघांनाही 'सोसून घे' म्हणणारा उपदेश पौलाचा नाही. पहिल्याला थांबवावे लागते. दुःखाची गोष्ट अशी, की असा उपदेश आपल्या घराघरांतून आजही होतो, आणि तो बहुधा सुनेलाच होतो.

येथे आमच्याच घरची गोष्ट सांगणे भाग आहे. ओरडल्याबद्दल आम्ही पापनिवेदन केले, पुढे शांत राहू लागलो, आणि आपल्याला धीर साधला अशा समजुतीत वावरू लागलो. परंतु आत्यांना आंघोळ घालणे, भरवणे, रात्रीतून चार वेळा उठणे, हे सारे आमची पत्नी करीत होती. आम्ही केवळ एका प्रश्नाचे उत्तर देत होतो! एक दिवस ती हातातले ताट खाली ठेवून म्हणाली, "आता माझ्याने होत नाही." आमच्या ओठांवर क्रुसाविषयीचे चार शब्द आले होते. देवाच्या कृपेने ते तिथेच राहिले.

पुढे गणना या पुस्तकाचा 11वा अध्याय वाचनात आला. रानात लोक मांसासाठी रडत आहेत, आणि मोशे परमेश्वराला म्हणतो की, दाईने तान्ह्या बाळाला घ्यावे तसे या लोकांना मीच का म्हणून उराशी धरावे? हे ओझे मला एकट्याला झेपत नाही. त्यापेक्षा मला मारून टाक. सोशिकतेचा एवढा मोठा आदर्श, आणि ही त्याची भाषा! परमेश्वर त्याला श्रद्धा कमी पडली म्हणून दोष देत नाही, धीर धर असेही सांगत नाही. तो सत्तर वडीलजन गोळा करायला सांगतो आणि मोशेवरील आत्म्यातून काही अंश त्यांना देतो. ओझे तेच राहिले, वाहणारे खांदे वाढले. पौलाची आज्ञादेखील कुणा एका सुनेला नव्हती. साऱ्या मंडळीसाठी ते पत्र होते, आणि सर्वांना ते वाचून दाखवावे अशी सक्त ताकीद त्याने शेवटी दिली आहे.

सत्तर वडीलजन आम्हांस कोठून मिळणार? भावांना बोलावले. थोडी कुरकुर झाली, जुने हिशेब निघाले. शेवटी दिवस वाटून घेतले. रात्रीचे उठणे आमच्याकडे आले, आणि रात्र किती लांब असते ते तेव्हा कळले. शनिवारी संध्याकाळी शेजारचा कॉलेजात जाणारा एक मुलगा तासभर आत्यांजवळ बसू लागला. त्या त्यालाही विचारीत, "रोझरी झाली का रे?" आम्ही 'झाली' म्हणत असू. तो म्हणायचा, "नाही आजी, चला, म्हणू या." दहा नमो मरिया पुऱ्या होण्याआधीच आत्यांचा डोळा लागे.