दार उघडं, वाटी भरलेली

मूग आणि हळद माझ्याकडे आले त्या संध्याकाळी दोघंही पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून उभे होते. पिसं अंगाशी घट्ट आवळलेली, मान ताठ, एरवीपेक्षा निम्मे दिसत होते. मैत्रिणीची नोकरी बंगळुरूला गेली, तिथल्या घरमालकाला पक्षी चालणार नव्हते, म्हणून ही जोडी माझ्या पुण्यातल्या भाड्याच्या फ्लॅटवर आली. मूग हिरवा, नर. हळद पिवळी, मादी. आपल्याकडच्या दुकानांत यांना सर्रास 'लव्हबर्ड्स' म्हणून विकतात, पण लव्हबर्ड्स आफ्रिकेतले आणि हे बजी, ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातले. पाणी आणि बी जिथे मिळेल तिथे थव्याने भटकणारे. १८४० मध्ये जॉन गूल्ड या पक्षीतज्ज्ञाने जिवंत बजी इंग्लंडला नेले आणि तिथून ते जगभरातल्या घरांत पोचले.

पहिले काही दिवस काहीच करायचं नसतं, आणि तेच सगळ्यात अवघड. पिंजरा एका बाजूला भिंत असेल असा ठेवायचा, आपल्या डोळ्यांच्या उंचीवर. वरून येणारी सावली म्हणजे त्यांच्या लेखी घार. टक लावून बघायचं नाही. मी शेजारी बसून ऑफिसचे मेल मोठ्याने वाचायचे. पाचव्या दिवशी मूग एक पाय पोटात ओढून बसला, आणि रात्री चोच घासल्याचा तो बारीक करकर आवाज आला. बजी निवांत असला की असा आवाज करतो. त्या रात्री मला उगाचच पगारवाढ झाल्यासारखं वाटलं.

मग मी ती गोष्ट केली.

कुणीतरी सांगितलं होतं, सकाळी दाण्यांची वाटी काढून घे आणि राळ्याचं कणीस फक्त हातात धर. दुपारपर्यंत हातावर येतील. मी वाटी काढली. तीस-पस्तीस ग्रॅमचा जीव, दिवसभर थोडं थोडं खाणारा. अकरा वाजता मूग दांडीवर पुढे-मागे करत होता. साडेबाराला तो आला. माझ्या बोटावर बसला, नखं टोचली, आणि भराभरा दाणे सोलू लागला. मी दुसऱ्या हाताने रील काढली. वर लिहिलं, 'फायनली ट्रस्ट!' रात्री परत बघितली तेव्हा लक्षात आलं, त्याची पिसं पहिल्या दिवसासारखीच अंगाला चिकटलेली आहेत. तो घाबरलेलाच होता. त्याला फक्त भीतीपेक्षा भूक जास्त झाली होती.

रील डिलीट केली. पण प्रश्न राहिला.

साताऱ्याला आजीकडे फोनवर हे बोलले तर ती म्हणाली, "अगं, आमचा मिठू तर दार उघडं असलं तरी जायचा नाही. इतका जीव लावला होता त्यानं." मिठू म्हणजे साधा रानातला पोपट. आज असा पोपट पाळणं बेकायदा आहे. मी विचारलं, "आजी, त्याचे पंख कापले होते ना गं?" थोडा वेळ पलीकडून नुसता कुकरचा आवाज. मग म्हणाली, "हो. तेव्हा सगळेच कापायचे." मिठूचं तिच्यावर प्रेम नव्हतं, असं मी म्हणणार नाही. असेलही. पण ते होतं की नाही, हे कळायची वाटच आपण कात्रीने बंद करून टाकली होती.

मैत्रिणीला हे पटलं नाही. ती म्हणाली, "भुकेशिवाय कुठला विश्वास असतो? तान्हं बाळ तरी आईला दुधामुळेच ओळखायला लागतं ना?" मुद्दा खोटा नाही. मी त्यावर बरेच दिवस अडले. मग वाटलं, आई बाळाची भूक भागवते, ती तयार करत नाही. राळ्याचं कणीस पुढे करणं ही लाच असेल, पण लाच नाकारता येते. वाटी रिकामी करून तेच कणीस पुढे केलं की नाकारण्याची सोयच उरत नाही. 'द लिटल प्रिन्स'मधला कोल्हा स्वतःहून राजपुत्राला गळ घालतो की मला माणसाळव. मला कुणी गळ घातली नव्हती.

मग सोडून का देत नाहीस, असं तुम्ही विचाराल. तेही खूपजण विचारतात, जरा वरच्या सुरात. पिंजऱ्यातच अंड्यातून बाहेर आलेल्या बजीला इथल्या आभाळात दाणा कुठे शोधायचा हे ठाऊक नसतं. कावळे आणि मांजरं मात्र त्याला लगेच शोधतात. म्हणजे सुटका ही निवड मी त्यांना देऊच शकत नाही. माझ्या हातात उरतात त्या छोट्या निवडी. हातावर यायचं की नाही, आज खेळायचं की नाही, माझ्याकडे पाठ करून बसायचं का. एवढ्याशा निवडी देऊन मी स्वतःची समजूत घालते आहे का? थोडीशी, हो. फ्लॅट हाही पिंजराच, फक्त टू बीएचके.

तरी नियम केला. वाटी नेहमी भरलेली. संध्याकाळी खिडक्या बंद, पंखा बंद, पिंजऱ्याचं दार उघडं. हात पुढे करायचा तो दारापाशी थांबवायचा, आत घालायचा नाही. पिसं आवळली की हात मागे. उपाशी ठेवून जे तीन-साडेतीन तासांत झालं होतं, त्याला आता सात आठवडे लागले. मूग एका रविवारी भरल्या पोटी आला, बोटावर बसला, पिसं फुलवली आणि माझ्या नखाला चोचीने टकटक करून बघितलं. त्याला काय वाटत होतं, मला माहीत नाही. जाता येत असून तो बसला होता, एवढं माहीत आहे.

हळद अजून येत नाही. पाहुणे आले की मूगला हातावर घेतात आणि विचारतात, "ही का नाही येत?" पूर्वी मी सांगायचे, येईल हळूहळू. आता सांगते, तिला नाही यायचं. ती पडद्याच्या दांडीवर बसून आमच्याकडे बघते, बडबडते, तिचं छान चाललेलं असतं. हे सांगताना मला अजून थोडं अपमानास्पद वाटतं, हेही खरं.

काल मी लिहीत असताना ती पहिल्यांदाच लॅपटॉपच्या कडेवर येऊन बसली. हात तिच्यापासून वीतभर होता. मी तो हलवला नाही. तिने स्क्रीनकडे एका डोळ्याने बघितलं, कीबोर्डवर घाण केली आणि परत दांडीवर गेली.