रंग आणि ऐब

वऱ्हाडचे ऊन माणसाला सोडत नाही, तसे गाडीलाही सोडत नाही. राजापेठेत उन्हाळाभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या जुन्या फियाटचे काच लावलेले पोट भट्टीसारखे तापते. सूर्याचे अतिनील किरण रेक्झिनचा रंग खातात. त्याला मऊ ठेवणारे द्रव्यही हळूहळू उडून जाते. मग डॅशबोर्ड फिका पडतो, डोअरपॅड कडक होऊन तडकतो. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या या गाडीचे, म्हणजे पुढच्या प्रीमियर पद्मिनीचे, उत्पादन बंद होऊन दोन दशके उलटली. नवा भाग सहज मिळत नाही. जुन्यालाच रंग द्यावा लागतो.

जाणता कारागीर आधी वर्षानुवर्षे चोपडलेले पॉलिश उतरवतो, कारण त्यातल्या सिलिकॉनवर रंग धरत नाही. मग सीट काढून, ऊन कधी पोचलेच नाही अशी जागा शोधतो. तिथला मूळ रंग पाहून तो पातळ हात देत जातो.

ही मरम्मत म्हणायची की फसवणूक? प्रश्न पैशाचाही आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ मालिकेची नोंदणी आणली. घेणारा हमखास विचारतो, ‘आतले सगळे मूळचेच ना?’

पैगंबरांनी (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले निघाले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले. धान्य भिजणे हा गुन्हा नव्हता. ते दडवणे हा होता. रेक्झिन विटणे हा ऐब कुणाचा गुन्हा नाही. त्याला रंग देणे हेही पाप नाही. पाप आहे ते विक्रीच्या वेळी गप्प बसण्यात.

‘मी मजूर, विकणारा दुसरा,’ असे कारागीर म्हणेल. पोटासाठी राबणाऱ्याचे हे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण भेगा कुठे बुजवल्या हे त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नसते, आणि ही माहिती म्हणजे अमानतच आहे. बिलावर ‘रंग नव्याने दिला’ एवढे तीन शब्द लिहायला खर्च येत नाही. सीटखालची ती वीतभर जागा त्याने रंगाविना सोडावी. उद्या कुणी सीट उचललीच, तर जुना रंग आणि नवा रंग शेजारी शेजारी दिसतील, आणि कारागिराची नीयतही.