दोष कुणाचा?



आजाऱ्यांना भेटायला गेले की एक प्रश्न हमखास कानी पडतो : "फादर, आमचं काय चुकलं?" कधी तो रुग्ण विचारतो, कधी त्याची आई. डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलणे होऊ लागले की कळते, हा प्रश्न त्यांच्याही मनात असतो. फक्त ते तो मोठ्याने विचारत नाहीत.

अपाय झाला म्हणजे दोष कुणाचा तरी असलाच पाहिजे का? आज याचा विचार आपण एका विशिष्ट कामाच्या आधारे करू. रक्त गोठण्याच्या विकारांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे हे काम. मोठ्या रुग्णालयात त्यांना हेमॅटॉलॉजिस्ट म्हणतात.

रक्ताला दोन परस्परविरुद्ध कामे करावी लागतात. शिरांतून ते अखंड वाहत राहिले पाहिजे, आणि भाजी चिरताना बोट कापले तर त्याच जागी ते काही मिनिटांत गोठले पाहिजे. यासाठी रक्तातली अनेक प्रथिने साखळीसारखी एकामागून एक कामाला लागतात. डॉक्टर त्यांना 'फॅक्टर' म्हणतात. एक कडी कमी पडली तर रक्त थांबत नाही. उलट, नको तिथे रक्त गोठले तर पायाच्या शिरेत गुठळी होते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस दगावू शकतो. तासन्‌तास खुर्चीवर बसून काम करणाऱ्या आणि अमेरिकेचा लांब विमानप्रवास करणाऱ्या आपल्या हिंजवडीकरांना हा दुसरा धोका ठाऊक असलेला बरा.

म्हणजे या डॉक्टरांना एका खाटेवरच्या रुग्णाचे रक्त थांबवायचे असते, तर शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचे वाहते ठेवायचे असते. दोन्हीकडे माप थोडे चुकले की उलटाच अपाय होतो. या कामातले तीन प्रसंग पाहू. तिन्हींमध्ये अपाय आहे, पण दोष तिन्हींमध्ये सारखा नाही.

पहिला प्रसंग हिमोफिलियाचा. या आजारात आठवा किंवा नववा फॅक्टर कमी असतो. आठव्या फॅक्टरची कमतरता साधारणपणे जन्मणाऱ्या पाच हजार मुलग्यांत एकाला असते. मूल रांगू लागले की अंगावर काळेनिळे डाग दिसतात. पुढे गुडघ्यात, कोपरात आतल्या आत रक्त साचते आणि उपचार न मिळाल्यास सांधा कायमचा आखडतो. आजार बहुतेक मुलग्यांना होतो, पण तो येतो आईकडून. वाहक आईच्या प्रत्येक मुलाला तो होण्याची, आणि प्रत्येक मुलगी वाहक होण्याची शक्यता निम्मी असते.

एवढे कळले की घरात बोटे सुनेकडे वळतात. "तुझ्या माहेरचा रोग" हे शब्द तिला ऐकावे लागतात. विज्ञान वेगळे सांगते. सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात हा आजार पूर्वी कुणालाच नसतो. जनुकातला तो बदल नव्यानेच झालेला असतो. शिवाय हिमोफिलिया असलेल्या बापाच्या सगळ्याच मुली वाहक होतात. तेव्हा बापाचे घराणेही यातून सुटत नाही. सेमिनरीत नीतिशास्त्राच्या पहिल्याच धड्यात आम्हाला शिकवले होते, की दोष लागायला दोन गोष्टी हव्यात : जाणीव आणि इच्छा. आपल्या जनुकांची निवड कुणीही केलेली नाही. म्हणून इथे आईचा दोष शून्य आहे. अर्धा नाही, थोडासाही नाही.

जन्मांध माणसाकडे पाहून शिष्यांनीही हाच प्रश्न केला होता : पाप कुणाचे, याचे की याच्या आईबापांचे? योहानाच्या नवव्या अध्यायात प्रभू येशू तो हिशेबच नाकारतो आणि त्या माणसासाठी आता काय करायचे याकडे वळतो. चांगला डॉक्टरही हेच करतो. परळच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात 'आयसीएमआर'ची रक्तविकारांवर संशोधन करणारी संस्था आहे. रक्तगटांचे संदर्भ केंद्र म्हणून १९५७ मध्ये ती सुरू झाली. त्याआधी १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगाला 'बॉम्बे ब्लड ग्रुप'ची ओळख करून दिली होती. आज या संस्थेत हिमोफिलियाची नेमकी तपासणी होते. स्वतः हिमोफिलिया असलेल्या अशोक वर्मा यांनी १९८३ मध्ये अशा रुग्णांची देशव्यापी संघटना उभी केली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश झाला. सरकारी रुग्णालयांतून फॅक्टरचे इंजेक्शन मोफत मिळण्याची सोयही आपल्या राज्यात झाली आहे. यातली एकही गोष्ट "तुझ्यामुळे झालं" म्हणण्याने घडलेली नाही.

पण इथेच एक गाठ आहे. भावाला हिमोफिलिया आहे ही गोष्ट मुलीच्या लग्नात लपवली जाते. आईबापांची भीती मला समजते. स्थळ मोडेल, मुलगी घरी बसेल असे त्यांना वाटते. परंतु काही वाहक स्त्रियांच्या स्वतःच्या रक्तातही फॅक्टर कमी असतो आणि बाळंतपणात त्यांना अतिरक्तस्राव होऊ शकतो. म्हणजे ज्या लेकीच्या भल्यासाठी आपण लपवतो, तिचाच जीव आपण टांगणीला लावतो. वाहक असणे हा दोष नव्हे. लपवण्यापासून मात्र आपली जबाबदारी सुरू होते.

दुसरा प्रसंग रक्त पातळ करण्याच्या औषधांचा. या औषधांचा इतिहास मोठा विलक्षण आहे. १९२० च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात बुरशी आलेला चारा खाल्लेली जनावरे रक्तस्रावाने मरू लागली. त्या चाऱ्यातले द्रव्य विस्कॉन्सिनच्या प्रयोगशाळेत शोधले गेले. त्यापासून पुढे बनलेले वॉर्फरिन १९४८ मध्ये उंदीर मारण्यासाठी बाजारात आले, आणि १९५४ पासून तेच माणसांचे औषध झाले! वॉर्फरिन काय किंवा आपल्याकडे जास्त वापरली जाणारी ॲसिट्रॉमची गोळी काय, सारा खेळ मापाचा आहे. म्हणूनच 'आयएनआर' ही तपासणी वरचेवर करावी लागते. बहुतेक रुग्णांत तो आकडा २ ते ३ च्या दरम्यान ठेवायचा असतो. खाली गेला तर गुठळीचे भय, वर गेला तर रक्तस्रावाचे.

आता अशी कल्पना करा : लहानपणी घसा दुखून ताप आला, सांधे धरले, आणि हृदयाची झडप खराब झाली. गरिबांच्या दाटीवाटीच्या वस्त्यांत हा आजार अजूनही दिसतो. मोठेपणी त्या मुलीची झडप बदलून धातूची बसवली. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने भारतीय बनावटीची अशी झडप ६ डिसेंबर १९९० रोजी पहिल्यांदा रुग्णाला बसवली, आणि तेव्हापासून असंख्य गरीब रुग्णांना ती लाभली. पण अशी झडप बसवली की रक्त पातळ करण्याची गोळी जन्मभर घ्यावी लागते. पुढे त्या मुलीचे लग्न होते, तिला दिवस जातात.

ही गोळी वारेतून बाळापर्यंत पोचते. विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात तिने बाळाच्या नाकाच्या व हाडांच्या वाढीत दोष येऊ शकतो. गोळीऐवजी हेपारिनची इंजेक्शने दिली तर ती बाळापर्यंत पोचत नाहीत, पण आईच्या झडपेवर गुठळी होण्याचा धोका वाढतो. गोळी दिली तर बाळाला धोका, बदलली तर आईला. आणि काहीच न देणे हा सर्वांत मोठा धोका. धोक्याशिवायची वाट इथे उरलेलीच नाही. डॉक्टरांनी जे ठरवले त्यातून पुढे अपाय झाला, तर ते दोषी ठरतात का?

संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात, स्वसंरक्षणाचा विचार करताना, दाखवून दिले की एकाच कृतीचे दोन परिणाम होऊ शकतात. एक आपल्याला हवा असतो, दुसरा दिसत असतो पण हवा नसतो. पुढच्या विचारवंतांनी त्यावरून चार कसोट्या बांधल्या. कृती मुळात वाईट नसावी. हेतू चांगल्या परिणामाचाच असावा. वाईट परिणाम हे चांगला परिणाम साधण्याचे साधन नसावे. आणि पत्करलेल्या धोक्याच्या तोलामोलाचे कारण असावे. आपल्या उदाहरणात औषध आईच्या झडपेसाठी काम करते. बाळाला इजा करून आईला वाचवणे असा हा मार्ग नाही. डॉक्टरांना दोघेही हवे आहेत. म्हणून विचारपूर्वक, दोन्ही जीव समोर ठेवून निर्णय घेणारा डॉक्टर, पुढे दुर्दैवाने अपाय झाला तरी, दोषी नाही.

कुणी म्हणेल, "फादर, ही तर पळवाट झाली. 'हेतू चांगला होता' असे कोणीही म्हणेल!" आक्षेप खरा आहे. तिसरा प्रसंग त्यासाठीच सांगतो.

१९७० आणि १९८० च्या दशकांत हिमोफिलियाच्या रुग्णांना फॅक्टरची भुकटी मिळू लागली. घरच्या घरी इंजेक्शन घेता येऊ लागले. ते वरदानच वाटले. पण एकेक खेप हजारो लोकांच्या रक्तद्रवातून बनत असे आणि त्यांत पैशासाठी रक्त देणारे, अमेरिकेतल्या तुरुंगांतले कैदीही असत. एकाचा संसर्ग साऱ्या खेपेत उतरे. त्यातून कावीळ आणि एचआयव्ही पसरले. ब्रिटनमध्ये दूषित रक्त आणि रक्तघटकांमुळे तीस हजारांहून अधिक लोक बाधित झाले. ट्रेलोर नावाच्या निवासी शाळेत १९७० ते १९८७ या काळात हिमोफिलियाची १२२ मुले शिकली. त्यांतली जेमतेम तीसच्या आसपास आज हयात आहेत. २० मे २०२४ रोजी तिथल्या चौकशी आयोगाचा अहवाल आला. हे बऱ्याच अंशी टाळता आले असते, धोक्याच्या सूचना मिळूनही दुर्लक्ष झाले, रुग्णांना आणि पालकांना सांगितले गेले नाही आणि नंतर सत्य दडवले गेले, असा त्याचा निष्कर्ष आहे.

नवव्या फॅक्टरच्या कमतरतेला 'ख्रिसमस डिसीज' म्हणतात. हे नाव नाताळावरून नव्हे, स्टीफन ख्रिसमस या लहान मुलावरून पडले. त्याच्या आजाराची माहिती मात्र १९५२ च्या नाताळातच प्रसिद्ध झाली. मोठेपणी त्यालाही रक्तातून एचआयव्ही झाला. सुरक्षित रक्तासाठी तो अखेरपर्यंत झगडला आणि १९९३ मध्ये वारला. आपल्याकडे पैसे घेऊन रक्त देण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर, १ जानेवारी १९९८ पासून बंद झाली.

आता आक्षेपाचे उत्तर. गर्भवतीचा डॉक्टरही धोका पत्करतो आणि भुकटी देणाऱ्यांनीही तो पत्करला होता. फरक काय? माझ्या मते कसोटी अशी आहे : जो अपाय मला दिसतो आहे, तो ज्याला सोसावा लागणार, त्याच्या समोर बसून मी आधी सांगू शकतो का? गर्भवतीला डॉक्टर सांगतो, "बाई, दोन्हीकडे धोका आहे. तो असा आहे. आपण मिळून ठरवू." इथे धोका दोघांनी मिळून उचललेला असतो. ट्रेलोरच्या मुलांना आणि त्यांच्या आईबापांना मात्र विचारलेच नव्हते. तिथे धोका त्यांच्यावर लादला गेला. हेतू चांगला होता हे म्हणणे सोपे असते. सत्य आधी सांगितले होते का, हे मात्र तपासता येते.

आणखी एक. दोष नाही म्हणजे जबाबदारी संपली असे नाही. उपचार योग्य असूनही रक्तस्राव झाला, तर चांगला डॉक्टर त्या खाटेपाशी पुन्हा जातो, नातेवाइकांसमोर उभा राहतो, काय झाले ते साध्या शब्दांत सांगतो. तो गुन्हेगार म्हणून जात नाही. हे दुःख त्याच्या हातून गेले आहे म्हणून जातो. आपण नातेवाइकांनीही अशा वेळी आवाज चढवण्याआधी एवढेच विचारावे : आम्हाला सांगितले होते का? सांगितले असेल, तर तो माणूस आपल्या बाजूचा आहे.

शेवटी काही साध्या सूचना. घरात कुणाला हिमोफिलिया असेल तर मुलींची तपासणी करून घ्या आणि लग्नाच्या बोलणीत ते लपवू नका. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर दात काढण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा, दुखण्यावरची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका, मेथी-पालक एकदम वाढवू किंवा बंद करू नका, तपासणीची तारीख चुकवू नका. अशा गोळ्या घेणाऱ्या बाईला दिवस राहिले तर पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. आणि कंपनीत रक्तदान शिबिर असेल तेव्हा फॉर्मवरच्या प्रश्नांची खरी उत्तरे द्या. ते रक्त कुणाच्या शरीरात जाणार हे आपल्याला ठाऊक नसते, म्हणून तिथे खरे बोलणे जास्तच महत्त्वाचे.

आपला,
धर्मगुरू